काम चालू, रस्ता बंद

मॉस्कोतल्या माझ्या पहिल्याच बैठकीत मी बेडपॅन एका रांगेत मांडले. प्रत्यक्षात नव्हे, तोंडी. दुभाष्याचं सगळं काम तोंडीच चालतं, म्हणून ते निस्तरायला जास्त अवघड.

झालं असं, की पुण्याहून आलेले आमचे साहेब खुर्चीत बसले, कोटाचं बटण सोडलं आणि म्हणाले, "फर्स्ट, लेट अस गेट ऑल अवर डक्स इन अ रो." बदकाला रशियनमध्ये 'ऊत्का' म्हणतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वर्षालाच शिकवतात. मी ऊत्का रांगेत लावल्या. अडचण एवढीच, की समोर बसलेली मंडळी इस्पितळांना सामान पुरवणारी होती, आणि रशियन इस्पितळात 'ऊत्का' म्हणजे रुग्णाच्या खाटेखाली ठेवलेलं भांडं. हे मात्र पहिल्या वर्षाला शिकवत नाहीत. समोरच्या बाईंनी चष्मा पुसला, वही उघडली आणि शांतपणे विचारलं, "किती नग? स्टीलचे की प्लास्टिकचे?"

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना तपशील हवाय," मी म्हणालो.

"एक्सलंट!" साहेब खूश झाले. "दे आर एंगेज्ड."

मी रशियन शिकलो पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. कारण साहित्यिक होतं. घरात मॉस्कोहून छापून आलेली मराठी पुस्तकं होती. जाडजूड, गुळगुळीत कागदाची आणि वडापावच्या भावात मिळणारी. जो देश इतका चांगला कागद इतका स्वस्त विकतो तो दुभाष्याला उपाशी ठेवणार नाही, असा माझा हिशोब होता. पुढे तो देशच राहिला नाही, पण भाषा राहिली. आमच्या बाई वर्गात सांगायच्या, "एक दिवस तुम्ही टॉलस्टॉय मुळातून वाचाल." तो दिवस आला तेव्हा माझ्या हातात टॉलस्टॉय नव्हता, साहेबांचं एकवीस पानांचं प्रेझेंटेशन होतं. 'युद्ध आणि शांती' समजायला त्यापेक्षा सोपी आहे. तिथे निदान कोण कोणावर तोफा डागतंय ते कळतं.

गोंधळ 'मीटिंग' या शब्दापासूनच सुरू होतो. रशियनांनी हा शब्द इंग्रजांकडून फार पूर्वीच उचलला, पण तो मैदानात नेऊन ठेवला. 'मीतिंग' म्हणजे चौकात झेंडे घेऊन, घोषणा देत भरवलेली जाहीर सभा. 2004 साली त्यांच्याकडे सभा, मोर्चे आणि निदर्शनांचा जो कायदा झाला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. त्यामुळे "उद्या सकाळी दहाला आमच्या ऑफिसात मीटिंग" या वाक्याने जुन्या वळणाचा रशियन माणूस दचकतो. परवानगी काढली आहे का, अशी शंका त्याला येते. टेबलाभोवती बसून करायच्या गोष्टीसाठी त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत. गंभीर असेल तर 'सवेश्शानिये'. सकाळी कामं वाटून द्यायची असतील तर 'प्लान्योर्का'. घाईची असेल तर 'लेतूच्का', म्हणजे उडती बैठक. आणि सगळ्यांत छोटी ती 'पितिमिनूत्का', म्हणजे पाचमिनिटी. ही पाचमिनिटी रोज सकाळी इस्पितळात डॉक्टरांची भरते आणि समोरच्या बाईंच्या अनुभवाप्रमाणे पाऊण तास चालते. "पाच मिनिटांत आलोच" असं सांगून गेलेला मराठी माणूस ज्या घड्याळावर चालतो, तेच हे घड्याळ.

आमची बैठक दोन दिवसांची होती. पलीकडे बाई, त्यांचा एक तरुण मदतनीस आणि टेबलाच्या टोकाला एक वयस्कर इंजिनियर. अलीकडे साहेब, त्यांचा ज्युनियर आणि मी. बाईंची वही कायम उघडी, आणि नजर साहेबांवर नव्हे, माझ्यावर.

"बेसिकली," साहेब म्हणाले, "वी डोंट हॅव प्रॉब्लेम्स, वी हॅव चॅलेंजेस."

आव्हानाला रशियनमध्ये 'वीझव'. शब्द भारदस्त आहे. द्वंद्वयुद्धाचं आमंत्रणही 'वीझव'च. 1837 साली पुश्किन ज्यात गेला, त्या प्रकारचं. पण हाच शब्द बोलावण्यालाही चालतो, आणि इस्पितळाच्या दुनियेत 'वीझव' म्हणजे रुग्णवाहिकेला आलेला कॉल. "आमच्याकडे अडचणी नाहीत, कॉल आहेत," असं काहीसं बाईंच्या कानावर पडलं असावं. कारण त्यांनी विचारलं, "दिवसाला किती?"

मग साहेबांनी 'ब्रेनस्टॉर्म' काढला. याला रशियनमध्ये ठरलेला प्रतिशब्द आहे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. 'मझ्गवोय श्तुर्म'. पण इथे एका स्वराची गंमत आहे. समुद्रातलं वादळ म्हणजे 'श्तोर्म', आणि किल्ल्यावर चढाई म्हणजे 'श्तुर्म'. रशियनांनी वादळ सोडून चढाई निवडली. मला वर्षानुवर्षं वाटायचं, की कोण्या बिचाऱ्या अनुवादकाची चूक झाली आणि ती राष्ट्राने मान्य केली. मग कळलं, की ही पद्धत ज्याने प्रसिद्ध केली, त्या ॲलेक्स ऑस्बर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याच्या मनातही वादळ नव्हतंच. कमांडो जसे एखाद्या ठाण्यावर तुटून पडतात, तसं डोक्याने प्रश्नावर तुटून पडायचं, असंच त्याने लिहून ठेवलं आहे. म्हणजे चूक आपली. आपण वादळ समजून पंख्याखाली बसून राहिलो.

टोकाचे इंजिनियर मात्र 'श्तुर्म' ऐकताच हसले. सोव्हिएत कारखान्यांत महिन्याचे पहिले वीस दिवस माल आला नाही म्हणून सामसूम असायची, आणि शेवटच्या दहा दिवसांत उद्दिष्ट गाठायला रात्रंदिवस हाणामारी चालायची. त्या प्रकाराला 'श्तुर्मोव्श्शिना' असं स्वतंत्र नाव होतं. "पंचवीस तारखेनंतर बनवलेलं यंत्र आम्ही घरी नेत नसू," ते म्हणाले. साहेबांनी मान डोलावली. आमच्याकडे मार्च महिन्याला तेच म्हणतात, हे मी भाषांतरात घातलं नाही.

"लेट्स थिंक आउट ऑफ द बॉक्स," साहेब पुढे सरसावले.

पेटी म्हणजे 'याश्शिक'. मी पेटीबाहेर विचार करायला सांगितलं आणि खोलीत एकदम शांतता पसरली. सोव्हिएत काळात संरक्षणाचं गुप्त काम करणाऱ्या कारखान्यांना नावं नसत, नुसता टपालपेटीचा क्रमांक असे. तिथे नोकरी करणारा माणूस "मी पेटीत असतो" एवढंच सांगे. इंजिनियरांनी घसा खाकरला. "मी तीस वर्षं पेटीत होतो," ते म्हणाले. "पेटीबाहेर बोलणार नाही, अशी माझी सही घेतलेली आहे." शिवाय 'पेटीत खेळायला जाणे' या रशियन वाक्प्रचाराचा अर्थ आपल्याकडच्या 'गोवऱ्या मसणात जाणे'च्या आसपासचा आहे, हे मला त्या संध्याकाळी शब्दकोशात सापडलं. शब्दकोशात गोष्टी नेहमी संध्याकाळीच सापडतात.

आकड्यांवर आलो तेव्हा साहेबांनी 'बॉलपार्क फिगर' मागितली. हा शब्द बेसबॉलच्या मैदानातला. पुण्याच्या माणसाने क्रिकेट पाहत मोठं व्हावं, मॉस्कोच्या माणसाने हॉकी, आणि दोघांनी मिळून अमेरिकन मैदानात आकडा शोधावा, ही जागतिकीकरणाची किमया. रशियनांकडे यासाठी अस्सल शब्द आहेत. सभ्य शब्द 'न ग्लझोक', म्हणजे डोळ्याच्या अंदाजाने. आपली आई मीठ घालते तसा. आणि खरा शब्द 'स पतल्का', म्हणजे छतावरून काढलेला आकडा. मी सभ्य शब्द वापरला. बाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग सावकाश मान वर करून छताकडे पाहिलं, आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

डेडलाईनचं प्रकरण अंगावर येणारं आहे. अमेरिकन यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिल इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक रेघ आखली होती. ती ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. तीच 'डेड लाईन'. ती रेघ आता आपल्या सगळ्यांच्या ईमेलमध्ये आली आहे. रशियन मुदतीला 'स्रोक' म्हणतात, आणि तुरुंगवासाच्या शिक्षेलाही 'स्रोक'च. त्यामुळे "आम्हाला तीन महिन्यांचा स्रोक द्या" हे वाक्य मी उच्चारलं, तेव्हा इंजिनियर आजोबांच्या डोळ्यांत सहानुभूती दाटून आली. तर डेडलाईन म्हटली की इंग्रजीत गोळी, रशियनमध्ये कोठडी. आपला 'मुदत' हा शब्दच खरा सज्जन. त्याच्या पाठीला 'वाढ' जन्मापासून चिकटलेली आहे.

दुपारी साहेब थोडे भावुक झाले. "देअर इज ॲन एलिफंट इन द रूम." रशियनांच्या साहित्यातही एक हत्ती आहे. क्रिलोव्ह हा त्यांचा इसाप. त्याच्या एका नीतिकथेत एक गृहस्थ पीटर्सबर्गच्या संग्रहालयात तीन तास फिरून येतो. किडे, माश्या, फुलपाखरं, सगळ्यांचं रसभरीत वर्णन करतो, आणि हत्ती पाहिलास का म्हटल्यावर ओशाळतो. तेवढा त्याच्या नजरेतून सुटलेला असतो. तेव्हा इंग्रजी हत्ती सगळ्यांना दिसतो, पण त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. रशियन हत्तीबद्दल बोलायला सगळे तयार असतात, पण तो कोणाला दिसलेलाच नसतो. मी "खोलीत हत्ती आहे" म्हणालो आणि बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठे?" साहेबांना हा प्रश्न जन्मात कोणी विचारला नसावा. ते गडबडले, आणि त्या गडबडीत खरं बोलून गेले. "किमतीत." दोन दिवसांतलं ते पहिलं वाक्य, ज्याचं भाषांतर मी एका शब्दात केलं.

पण शब्दांचं हे सगळं किरकोळ. शब्द चुकला तर हसू होतं, चहा येतो, गाडी पुढे जाते. दुभाष्याची खरी परीक्षा क्रियापदापाशी असते.

रशियन क्रियापदं जोडीने राहतात. एक अपूर्ण, एक पूर्ण. 'चिताल' म्हणजे वाचत होता, वाचला असेल-नसेल. 'प्रोचिताल' म्हणजे वाचून काढला, शेवटच्या पानापर्यंत, मागच्या पुठ्ठ्यासकट. आपल्याकडे 'वाचून काढणे', 'करून टाकणे', 'खाऊन घेणे' ही सोय आहे, पण ती ऐच्छिक. मराठीत "वाचलं" म्हणून सुटता येतं. रशियनमध्ये सुटका नाही. भूतकाळात तोंड उघडलं, की दोनांपैकी एक निवडावंच लागतं. व्याकरणाने बसवलेला तो तपासनीस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब प्रसन्नपणे म्हणाले, "सो, वी रेड युवर काँट्रॅक्ट." आणि मी अडकलो. इंग्रजी वाक्य निरागस होतं. त्यात वाचणं होतं, संपवणं नव्हतं आणि न संपवणंही नव्हतं. मी साहेबांच्या कानाशी वाकून मराठीत विचारलं, "साहेब, वाचत होतात, की वाचून काढलात?"

"म्हणजे? वाचला ना."

"शेवटपर्यंत?"

साहेबांनी ज्युनियरकडे पाहिलं. ज्युनियरने पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. बाटली निःपक्षपाती होती.

"वाचत होतो असं सांगा," साहेब पुटपुटले.

मी 'चिताली' म्हणालो. बाईंनी वहीत एक छोटी खूण केली. त्यांना सगळं कळलं होतं. इंग्रजीत वर्षभर झाकून ठेवता आली असती अशी गोष्ट एका उपसर्गाच्या अभावाने उघडी पडली होती.

त्यानंतर मी नीट ऐकू लागलो, आणि लक्षात आलं, की कॉर्पोरेट इंग्रजी ही भाषा सांगण्यासाठी बनलेलीच नाही. ती न सापडण्यासाठी बनली आहे. "वी आर ॲक्टिव्हली लुकिंग ॲट इट", "वी विल सर्कल बॅक", "गोइंग फॉरवर्ड". सगळीकडे हालचाल आहे, पोहोचणं कुठेच नाही. आणि रशियनला तर हालचालीचेही तपशील हवेत. 'जाणे' म्हणायचं तर आधी ठरवा, पायी की वाहनाने? नुसतं तिकडे, की जाऊन परत? 'गोइंग फॉरवर्ड'चं भाषांतर करताना साहेब चालत निघालेत की गाडीने, या चिंतेने मी सुरुवातीला घामाघूम व्हायचो. 'पुढे!' असं सरळ म्हणावं तर तो 'फ्पिर्योद' साम्यवादाच्या विजयाकडे नेणाऱ्या जुन्या फलकांवरचा. इंजिनियर आजोबा उभे राहिले असते. शेवटी मला उपाय सापडला. 'गोइंग फॉरवर्ड' गाळायचं आणि क्रियापद भविष्यकाळात टाकायचं. अर्थात तसूभरही कमी होत नाही. चाळीस मिनिटांच्या भाषणाचं भाषांतर मी सहा मिनिटांत संपवलं, तेव्हा साहेबांना संशय आला. "सगळं सांगितलंत ना?" मी म्हणालो, "हो. होतं तेवढं सगळं."

आता वाटेल, की रशियन म्हणजे सत्यवचनी भाषा. मलाही जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसंच वाटत होतं. जेवणानंतर साहेबांनी विचारलं, "नमुने कस्टममधून सोडवायचे होते, त्याचं काय झालं?"

बाईंनी वही मिटली. पहिल्यांदाच. आणि म्हणाल्या, "न्ये पलुचीलस."

या वाक्याचं इंग्रजी भाषांतर करायला मला आजही जमत नाही. यात कर्ता नाही. कोणी केलं नाही, कोणी विसरलं नाही, कोणाची चूक नाही. 'ते' जुळून आलं नाही, पाऊस आला नाही तसं. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतोच, त्यामुळे तिथे कोणाला तरी पुढे करावं लागतं. मी अडखळलो. तेवढ्यात माझ्या तोंडून मराठी निसटलं, "साहेब, राहून गेलं."

साहेबांचा चेहरा उजळला. "अच्छा! राहून गेलं होय. मग असं सांगा ना." दोन दिवसांत दोन्ही बाजूंना एकमेकांचं पूर्णपणे पटलं, असा तो एकमेव क्षण. त्यावरून बाईंना चेव आला. पुढच्या महिन्यात तरी नमुने सुटतील का, यावर त्यांनी "दा न्येत, नवेर्नये" म्हटलं. शब्दशः 'हो नाही बहुतेक'. परदेशी विद्यार्थी या तीन शब्दांपाशी वही फेकून देतात. पण "हो, बघू, नाही जमायचं बहुतेक" ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात अवघड काय आहे?

चहाच्या सुट्टीत आणखी एक गोष्ट पाहिली. साहेबांचा ज्युनियर आणि बाईंचा मदतनीस कोपऱ्यात उभे राहून झकास गप्पा मारत होते, मध्ये कोणी नाही. एक म्हणत होता, "फीडबॅक आला की अप्रूव्ह करून घेतो, मग डेडलाईन." दुसरा म्हणत होता, "फीदबेक, झाअप्रूवित, देदलाईन." दोघांना एकमेकांचं सगळं समजत होतं. नक्की काय करायचं आहे, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. रशियन प्रतिशब्द असताना परके शब्द सरकारी कामकाजात नकोत, अशी दुरुस्ती 2023 साली तिथल्या राज्यभाषेच्या कायद्यात झाली आहे. कायदा झाला, पण 'देदलाईन' कुठे जाणार? 'देद' म्हणजे रशियनमध्ये आजोबा. आता ती घरातलीच झाली. सावरकरांनी 'तारीख' काढून 'दिनांक' दिला. तो सरकारी अर्जावर जाऊन बसला आणि तारीख कोर्टात राहिली. रशियात दोनशे वर्षांपूर्वी शिश्कोव्ह नावाचे एक ॲडमिरल फ्रेंच शब्दांविरुद्ध असेच लढत होते. खुद्द पुश्किनने 'येवगेनी अनेगिन'च्या आठव्या प्रकरणात एक फ्रेंच शब्दप्रयोग तसाच ठेवला आणि या ॲडमिरलची जाता जाता माफी मागितली, याचं भाषांतर मला येत नाही म्हणून. पुश्किनला ही सवलत मिळते. मला दर तासाचे पैसे असतात.

समारोपाला साहेब उभे राहिले. "दिस इज अ विन-विन." याला रशियन म्हण तयार आहे: लांडगेही तृप्त आणि मेंढ्याही शाबूत. आपल्याकडे साप मरतो आणि काठी तुटत नाही, तसंच. मी म्हण टाकली. टाळ्या पडल्या. मग इंजिनियर आजोबांनी तिचं प्रचलित शेपूट हळूच जोडलं: "आणि मेंढपाळाला श्रद्धांजली." ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी याचं भाषांतर केलं नाही. ते माझ्यापुरतंच होतं.

आठवड्याभराने बाईंकडून इतिवृत्त आलं. दोन दिवस, एकवीस पानं, एक हत्ती, एक चढाई, आणि त्यातून उरलं काय? याला रशियनमध्ये रसायनशाळेतला शब्द आहे, 'सुखोय अस्तातक', म्हणजे पाणी आटल्यावर तळाशी उरतो तो कोरडा अंश. तर कोरडा अंश एका ओळीचा होता: "ऊत्का, प्लास्टिकच्या, चारशे नग. दर कळवावा." साहेबांची कंपनी बेडपॅन बनवत नव्हती. आता बनवते.

माझं बिल ठरल्याप्रमाणे अर्धं साहेबांनी द्यायचं होतं, अर्धं बाईंच्या कचेरीने. साहेबांच्या कचेरीतून उत्तर आलं, "वी विल सर्कल बॅक शॉर्टली." बाईंच्या लेखापालाने एकच शब्द लिहिला, "ओप्लाचिवायेम." मी तो निरखून पाहिला. 'ओप्लातिली' असता, तर पैसे भरले. हे अपूर्ण क्रियापद होतं. भरतो आहोत. भरणं चालू आहे. त्या क्रियापदाला शेवट नव्हता, आणि माझ्याइतकं ते महाराष्ट्रात फार थोड्या लोकांना कळलं असतं. विद्येचा एवढा स्पष्ट उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता.

"अहो, पैसे आले का?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

मी क्रियापद काळजीपूर्वक निवडलं.

"येतायत," म्हणालो.